नेहमीसारखं बोला

पावसानं लोणावळ्याला आठवडाभर झोडपलं होतं, तेव्हा कुणी भिजका माणूस रिसॉर्टच्या पोर्चमध्ये येऊन उभा राहिला तर सारिकाला त्याचं काही वाटायचं नाही. येतात, चष्मा पुसतात, सर ओसरली की जातात. पण त्या मंगळवारी आलेला उंच, सडसडीत मुलगा चष्मा पुसत नव्हता. तो वहीत काहीतरी लिहीत होता. आणि लिहिता लिहिता हसत होता.

सारिका त्या वेळी काउंटरमागच्या खांबाआड उभी राहून आईशी फोनवर बोलत होती. बोलत कसली, भांडत होती. तिकडं कान्हे गावातल्या घरी एक कोंबडी सापडेना झाली होती आणि अंबूबाईच्या मते त्यात सगळा दोष लेकीचा होता.

"आगं, मी कशाला सोडू? सकाळी पाटीखाली डालूनच गेलते की मी," सारिका दबक्या आवाजात म्हणत होती. "कुटं जायची? हितंच आसंल बघ परसात. न्हाई... मला न्हाई माहीत. ठिव आता, लोकं आल्यात."

फोन ठेवला, कोट खाली ओढला, आणि खांबाआडून बाहेर आली ती दुसरीच सारिका. तुंगार्लीच्या तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या रिसॉर्टात नवीन पोरी लागल्या की मॅनेजर त्यांना सांगायचा, बोलायचं कसं ते सारिकाकडून शिका. तर त्या सारिकानं मान किंचित कलती करून विचारलं, "नमस्कार. मी आपली काय मदत करू शकते?"

"आत्ता फोनवर बोलत होतात ना..." तो म्हणाला, "तसंच आणखी थोडं बोलाल?"

सारिकाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "तुम्ही चोरून ऐकत होतात?"

"चोरून कशाला? उघड उघड ऐकत होतो. ऐकणं हाच माझा धंदा आहे."

"आणि हसणं?"

"हसलो ते कोंबडीला," तो म्हणाला, आणि परत हसला. हसला की त्याचा डावा गाल जरा जास्त वर जायचा. हे सारिकानं पाहिलं, आणि पाहिलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

त्याचं नाव स्वराज. मूळचा सासवडचा, आता पुण्यात भाषाविज्ञानात पीएच.डी. करत होता. त्याच्या मॅडमनी बोलीभाषांच्या नोंदी करायचं मोठं काम हाती घेतलं होतं. चाळीस गावं, प्रत्येक गावाला तीन दिवस, जुन्याजाणत्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि पुढच्या गावाला लागायचं. उद्यापासून कान्हे. गावात ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि इथं पावसानं अडवलं म्हणून थांबला तर नेमकी कान्ह्याचीच बोली कानावर पडली. हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं.

सारिकानं विचारलं, म्हणजे व्याकरणवाले का तुम्ही? तो म्हणाला, व्याकरणाचे मास्तर चुका शोधतात. आम्हाला चुका दिसतच नाहीत. माणसं जशी बोलतात तशी बोलतात, त्यात नियम काय आहेत ते आम्ही बघतो. गावच्या बोलीलाही पक्के नियम असतात, पुण्याच्या बोलीइतकेच पक्के.

ऐकायला गोड वाटलं, पण सारिकाचा विश्वास बसला नाही. कसा बसेल? पुण्यात कॉलेजच्या पहिल्याच वर्षी ती वर्गापुढं उभी राहून "आमच्याकडं लय पाऊस व्हता" म्हणाली होती, आणि साठ पोरं बाकं बडवून हसली होती. पुढचे चार महिने ती वर्गात बोललीच नाही. मोबाइलवर बातम्या लावून, आरशापुढं उभी राहून, एकेक शब्द घासून पुसून घेतला तिनं. ती नोकरीला लागली ती त्या घासलेल्या शब्दांवर. आता कुणी येऊन सांगावं की त्याची गरजच नव्हती, तर ते पचायला सोपं नसतं.

तरी ती त्याला गाव दाखवायला तयार झाली. का झाली? विचारलं असतं तर म्हणाली असती, गावासाठी. डोंबलाचं गावासाठी. तो गाल वर जायचा ना, त्याच्यासाठी. तिची ड्युटी अकराला सुरू व्हायची, सकाळ मोकळी असायची. अट मात्र घातली तिनं, माझ्या तोंडापुढं ते यंत्र धरायचं नाही. तो म्हणाला, परवानगीशिवाय आम्ही कुणाचाच आवाज घेत नाही, आमच्या कामाचा पहिला नियम आहे तो. वही तेवढी चालेल का? सारिका म्हणाली, वहीसुद्धा नाही.

आता ऐका तिनं काय केलं ते. त्याच संध्याकाळी घरी जाऊन तिनं गावातली बोलती माणसं गाठली. महिपती आबा, शेजारची आक्काबाई, आणखी दोघीतिघी. सगळ्यांना बजावून सांगितलं की उद्या पुण्याचे सर येणार आहेत, तुमचं बोलणं कायमचं ठेवणार आहेत, तेव्हा नीट बोला. शाळेतल्या बाई बोलतात तसं. गावाची लाज ठेवा. वर्गातलं ते हसू तिच्या कानात अजून होतं, आणि ते आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला येऊ नये एवढंच तिला वाटत होतं. माणसांनीही मनावर घेतलं. पाहुण्याच्या मानाला मावळातला माणूस कमी पडत नाही. आक्काबाईनं तर ठेवणीतलं लुगडं काढलं.

बुधवारी सकाळी आबांच्या ओट्यावर यंत्र चालू झालं. स्वराजनं विचारलं, आबा, पूर्वी भात कसं करायचे? आबांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि ग्रामसभेत उभं राहिल्यासारखं सुरू केलं, "सन्माननीय महोदय, मी आपणास सांगू इच्छितो की, आमच्या गावी भाताचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते."

स्वराज गोड आवाजात म्हणाला, "आबा, नेहमीसारखं बोला."

"आम्ही नेहमी असेच बोलतो," आबा म्हणाले.

आक्काबाईची गोष्ट त्याहून वरची. स्वराज वस्तूंची चित्रं दाखवायचा आणि नावं विचारायचा. उखळ दाखवलं, जातं दाखवलं, सूप दाखवलं. सूप बघून आक्काबाई गोंधळली. याला शाळेतल्या बाई काय म्हणत असतील ते तिला ठरवता येईना. शेवटी ती म्हणाली, "ही एक उपयुक्त वस्तू आहे." आणि सारिकाकडं बघून हळूच डोळे मिचकावले, कशी राखली लाज म्हणून.

सारिका दारात उभी होती. तिला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगा, वाटलाच.

मग दहाच्या आत दोघं लोकलनं लोणावळ्याला निघायची, ती ड्युटीला आणि तो आपल्या लॉजवर. कामशेत, मळवली, लोणावळा, एवढाच काय तो प्रवास. खिडकीबाहेर खाचरं पाण्यानं भरलेली, डोंगरांवरून पांढऱ्या धारा सुटलेल्या. त्या अर्ध्या तासात तो तिला रोज आपल्या शास्त्राचं एकेक दालन उघडून दाखवायचा. तिनंच विचारलं होतं, आठ-आठ वर्षं शिकण्यासारखं काय असतं हो बोलण्यात?

पहिल्या दिवशी ध्वनी. तो म्हणाला, बोलताना तोंडात काय चाललंय याकडं आपलं लक्षच नसतं. प म्हणा. ओठ मिटले की नाही? त म्हणा. जीभ दातांना लागली? सारिका त्याच्या ओठांकडं बघून प म्हणाली, मग लक्षात आलं आपण कुठं बघतोय, आणि ती घाईघाईनं मळवलीचं स्टेशन बघू लागली.

"आता गळ्यावर दोन बोटं ठेवा," तो म्हणाला. "स्स्स... काही जाणवतं?"

"नाही."

"आता म्म्म करा."

बोटांखाली बारीक थरथर आली. त्यानंही आपल्या गळ्यावर बोटं ठेवली होती. दोघं एकमेकांकडं बघत म्म्म करत बसली, जरा जास्तच वेळ. समोरच्या बाकावरची भाजीवाली मावशी काळजीनं म्हणाली, "दोगांचाबी घसा धरलाय का? सुंठ घ्या जरा."

दुसऱ्या दिवशी शब्द कसे घडतात ते झालं. 'घरातल्यांना' एवढ्या एका शब्दात किती तुकडे जोडलेत ते त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. त्याला रूपविचार म्हणायचं. तिसऱ्या दिवशी वाक्यविचार होता, पण त्याबद्दल सारिकाला काही विचारू नका. कर्ता कर्म क्रियापद सुरू झालं आणि कामशेत यायच्या आत तिला झोप लागली. जाग आली तेव्हा लोणावळा आलं होतं, तिच्या डोक्याखाली त्याची बॅग होती आणि तो अवघडून अर्ध्या बाकावर बसला होता.

अर्थविचाराच्या दिवशी तो म्हणाला, शब्दाचं आणि वस्तूचं रक्ताचं नातं नसतं. चिक्कीला चिक्की म्हणायचं हे लोकांनी ठरवलं म्हणून ती चिक्की. उद्या सगळ्यांनी मिळून तिला दगड म्हणायचं ठरवलं तर दगड.

"मग मी सारिका का?"

"आईनं ठरवलं म्हणून. शास्त्र एवढंच सांगतं." तो थांबला, खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नाव छान का वाटतं, ते शास्त्रात नाही..."

त्या दिवशी सारिकानं एका पाहुण्याला दुसऱ्याच खोलीची किल्ली दिली.

असं चाललं होतं. तीन दिवसांचे पाच झाले, पाचाचे सात. स्वराज रोज यायचा, रोज तेच विचारायचा, आबा रोज सन्माननीय महोदय म्हणायचे. रोज तो मान डोलवून यंत्र बंद करायचा. सारिकाला कळेना की याचं काम संपत का नाही. विचारावं तर संपलं म्हणेल ही भीती, न विचारावं तर चैन पडेना. काउंटरवर बसायची ती उठून पोर्चमध्ये जायची, पोर्चमधून परत काउंटरवर. घरी ताटावर बसली की भात चिवडायची. अंबूबाईनं दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला. ताप नव्हता.

एकदा तो समाज आणि भाषा यांचं काहीतरी सांगत होता. प्रत्येक माणूस समोरच्याला बघून बोलणं बदलतो, त्यात लबाडी नसते. आणि रोज बोलणारी दोन माणसं असली की ती हळूहळू एकमेकांसारखी बोलू लागतात. सारिका म्हणाली, काहीतरीच. तो म्हणाला, "व्हय, खरंच." आपल्या तोंडून काय निघालं ते त्याच्याच लक्षात आलं, आणि त्याचा डावा गाल वर गेला.

पुढच्या बुधवारी मात्र गाडीत बसल्या बसल्या त्यानं लॅपटॉप उघडला आणि बंद केला. म्हणाला, काल मॅडमचा फोन आला होता. त्यांनी कान्ह्याची सगळी रेकॉर्डिंग ऐकली. शुक्रवारी सकाळी मला बागलाणात जायचंय, अहिराणीच्या मुलखात. तिकडं तीन-चार महिने जातील.

सारिकानं पर्सची चेन उगाच उघडली आणि लावली. तरी तिनं रिसेप्शनवरच्या आवाजात विचारलं, "आणि कान्हे?"

"कान्ह्याचं मॅडमनी एक वाक्य लिहून पाठवलंय. 'या गावी स्थानिक बोलीचे विशेष आढळले नाहीत.' "

"म्हणजे?"

"म्हणजे इथली माणसं पुस्तकासारखी बोलतात. स्वतःची अशी बोली उरलेली नाही. ते अहवालात जाईल, आणि कान्हे यादीतून वगळलं जाईल."

"पण तुम्ही तर मला फोनवर..."

"मी ऐकलं, पण ते नोंदलेलं नाही. यंत्रात जे आहे तेवढंच मला लिहिता येतं." तो शांतपणे म्हणाला. तिच्याकडं मात्र त्यानं बघितलं नाही.

झालं. सारिकाच्या तोंडचं पाणी पळालं. गावाची लाज राखायला गेली आणि गावच पुसून बसली. आबा गेले, आक्काबाई गेली, की त्यांच्या तोंडचं सगळं त्यांच्याबरोबर जाणार, आणि कागदावर राहणार ते एक वाक्य. ते वाक्य मॅडमचं नव्हतं, हिचं होतं. सांगावं तर हा माणूस म्हणेल, माझे आठ दिवस तुम्ही मातीत घातले. आणि का घातले, तर आपल्याच माणसांच्या बोलण्याची हिला लाज वाटते म्हणून. ते ऐकून त्यानं जायचं, की न ऐकता जायचं? लोणावळा आलं. ती उतरून चालू लागली. त्या दिवशी तिनं काउंटरवर तीन वेळा नुसताच फोन उचलला आणि ठेवला.

गुरुवारी तिची सुट्टी होती, आणि नेमकी अंबूबाईच्या खाचरात लावणी होती. कान्ह्यात अजून सावड चालते. आज दहा बाया तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. स्वराज निरोप घ्यायला म्हणून आला आणि शोधत शोधत बांधावर येऊन उभा राहिला. यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलेलं होतं. खाली चिखलात नऊ बाया वाकून रोपं लावत होत्या. अंगावर प्लॅस्टिकचे कागद, त्यावर पावसाचा ताडताड आवाज. दहावी जागा रिकामी होती. सारिका चांगल्या कपड्यांत बांधावरच उभी होती, आल्यापासून.

त्यानं बायांना विचारलं, मावशी, हे चालू ठेवलं तर चालेल का? आक्काबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "होय, आमची काहीही हरकत नाही. आम्ही भाताची लागवड करीत आहोत."

बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि त्यानंतर अख्ख्या खाचरात चिडीचूप. एरवी लावणीला बाया गप्प बसल्या असं कधी घडलंय? सारिकाला एकदम रडूच यायला लागलं. हे आपण केलं. हसत्या बोलत्या बायांची तोंडं आपण शिवून टाकली.

तिनं चपला काढल्या. सलवारीची टोकं गुडघ्यापर्यंत वर घेतली. ती चिखलात उतरायला लागली तसा स्वराजचा हात यंत्राकडं गेला. अट तिची होती, तो बंद करणार होता.

"ऱ्हाऊ द्या," सारिका म्हणाली. "चालू ऱ्हाऊ द्या."

रोपांची एक जुडी उचलून ती रिकाम्या जागी गेली, वाकली, आणि मान वर न करता मोठ्यांदा म्हणाली, "आये, आगं कुटं निगाली ती रांग तुजी? पार वाकडी चालली की. नदर हाय का न्हाई?"

अंबूबाई ताठ उभी राहिली. लेक घरात असं बोलायची, पण परक्या माणसापुढं? कॉलेजात गेल्यापासून कधी नाही. तिनं लेकीकडं बघितलं, बांधावरच्या मुलाकडं बघितलं. मग काय समजायचं ते समजली म्हणा.

"व्हय का," अंबूबाई म्हणाली. "आन् तू आल्यापास्नं बांदावर बसलीस त्याचं काय? आदी दोन मुठी लाव, मग मला शिकीव."

"आता गं बया," आक्काबाई म्हणाली, "हिला येतंय की आजून बोलाया. मी म्हनलं इसरली."

एक बाई फसकन हसली, दुसरी हसली, आणि मग बांधच फुटला. कुणाची सून उशिरा उठते, कुणाच्या रोपावर कीड आली, औंदा पाणी कसं तुंबलं, आबांनी सन्माननीय महोदय म्हणायला रात्रभर कशी घोकंपट्टी केली. एकीनं दुसरीला शिव्या दिल्या, दुसरीनं त्या सव्याज परत केल्या. बोलता बोलता चिखलाचीच पाच नावं निघाली. मग आबा काठी टेकत आले, काय दंगा चाललाय बघायला, आणि बांधावर बसून त्यांनी आपल्या लहानपणच्या पुराची गोष्ट सांगितली. त्यात एकही महोदय आला नाही. तीन तास गेले. बायांना यंत्राचा विसर पडला होता. पडला नव्हता तो एका सारिकाला. ती खाली मान घालून लावत राहिली, बोलत राहिली, भांडत राहिली, आणि प्रत्येक शब्दाला तिला वाटत होतं, आता हसला असेल. एकदाही तिनं वर बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

चारच्या सुमाराला ती त्याला स्टेशनवर सोडायला गेली. पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले, केसांतून पाणी गळतंय. प्लॅटफॉर्मवर आठदहा माणसं होती. स्वराज यंत्राची पिशवी पुसत होता. तिलाच राहवेना.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," तिनं सुरुवात केली, जपून, रिसेप्शनवरच्या भाषेत. आबांना, आक्काबाईला कुणी पढवलं ते तिनं सगळं सांगितलं. वर्गातल्या हसण्याचंही सांगितलं, जे आजवर आईलाही सांगितलं नव्हतं. "तुमचे आठ दिवस माझ्यामुळे वाया गेले. तुम्ही रागवा. मी ऐकून घेईन."

स्वराजनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"पहिल्याच दिवशी कळलं. आक्काबाईंनी सुपाला उपयुक्त वस्तू म्हटलं, आणि तुमच्याकडं बघून डोळे मिचकावले. ते मी पाहिलं."

"मग... तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी सगळं नीट करून दिलं असतं." तो अडखळला. आठ दिवस जगातल्या सगळ्या भाषांबद्दल बोलणारा माणूस, आता त्याला शब्द सापडेना. "एका गावाला तीन दिवस असतात, सारिका. काम नीट झालं असतं तर गेल्या शुक्रवारीच मला जावं लागलं असतं. मला... जायचं नव्हतं. मॅडमना रोज सांगायचो, अजून चांगलं मिळालं नाही, अजून एक दिवस द्या. मग त्यांनी ते वाक्य पाठवलं, आणि मी घाबरलो. तुम्हाला ते वाक्य सांगितलं ते मुद्दामच, तुम्ही गाव बोलतं कराल म्हणून."

आता गोष्टीतल्या मुलीनं इथं लाजायचं असतं. सारिकाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"म्हंजे?" ती म्हणाली, आणि आवाज पार पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर गेला. "तुमाला ठावं व्हतं? आन् मी हितं आठ दीस जीव टांगून बसले? ताटावर बसले का घास उतरंना. कालच्याला तर वाटलं आता हा मानूस जातोय आन् जाताना माझ्या त्वांडावर थुकून जातोय. आवो, आमच्या म्हाताऱ्या मानसांना रोज दोन-दोन घंटे बसवून ठेवलं तुमी, आबांनी घोकंपट्टी केली, आक्काबाईचं ठेवनीतलं लुगडं भिजलं, आन् तुमी नुसती मान डोलवत व्हता व्हय? लाज कशी न्हाई वाटली?"

माणसं बघू लागली. बघेनात का. सारिकाला आज कुणाची पर्वा नव्हती, आणि पर्वा नाही हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"वाटली," स्वराज म्हणाला. "आबांची माफी मागून आलोय मी, मघाशी बांधावर. ते म्हणाले, पोरीची माग."

"मागा मग."

"चुकलो. परत नाही करणार." मग हळूच, "अजून काही बोलायचंय?"

"काय बोलू आता?" सारिका म्हणाली. राग संपत आला होता, आणि खाली जे होतं ते आता झाकायला काही उरलं नव्हतं. "आवडता तुमी मला. दुसरं काय. त्याच्यापाई तर समदं झालं. तुमी हसाल आमच्या मानसांना ह्याचं भ्या वाटलं, कारन दुसरं कुनी हसलं आस्तं तर मी गप बसले आस्ते. तुमी हसलेलं मला सोसलं नस्तं."

स्वराजचा गाल वर गेला नाही. तो फार गंभीर झाला होता, डोळे पाण्यानं भरले होते.

"मलाही तुम्ही आवडता," तो म्हणाला. "त्या मंगळवारपासून. इतकं की माझं चांगलं चाललेलं काम मी जवळजवळ बुडवलं, आणि मला त्याचं पुरेसं वाईटसुद्धा वाटलं नाही."

गाडीची घोषणा झाली. लोक पुढं सरकले. सारिका ओल्या ओढणीनं तोंड पुसत म्हणाली, जावा बागलाणात, काम बुडवणारा जावई आमच्या आईला चालायचा न्हाई. जावई हा शब्द तोंडातून गेल्यावर ती थबकली, पण तो आता परत घेता येत नव्हता.

"आणि चार महिन्यांनी?" त्यानं विचारलं.

"चार म्हयन्यांनी या. भात कापायला आलेलं आसंल. आईला सरळ सांगा, उगं फिरवून बोलू नका."

"काय सांगू? म्हणून दाखवतो. मावशी, मला तुमची सारिका आवडली."

"लय आवडली म्हना," सारिका म्हणाली. "नुस्त्या आवडलीवर आई न्हाई द्यायची."

त्यानं परत म्हटलं. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा म्हटलं, आणि या खेपेला लय हा शब्द असा निघाला की कान्ह्यातच जन्मल्यासारखा. गाडी येऊन उभी राहिली, तो चढला, दारात उभा राहिला. ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभी होती. पावसाची सर आली, अंगावरून गेली. नऊ दिवसांत पहिल्यांदा सारिकाला कुठंही जायची घाई नव्हती.